पतीची सही

बाइंडिंगच्या टेबलावर धाकटीसारखा हात कुणाचा नव्हता. मालकाला विचारा, मशीनवाल्यांना विचारा, रद्दी उचलायला येणाऱ्याला विचारा. सोळा पानांचा छापील ताव, म्हणजे फर्मा, ती तीन घड्यांत असा बसवायची की कडेला कड चिकटायची, आणि घडी दाबायची हाडाची पट्टी वरून एकदाच फिरायची. दुसऱ्या बायका दोनदा फिरवतात तरी सुरकुती राहते. कागद मोजायला घेतला की तिचे ओठ हलायचे नाहीत. अंगठ्याखालून कोपरे सुटत जायचे, फर्रर्र, आणि शंभर म्हटलं की शंभर. एकदा मालकानं मुद्दाम गठ्ठ्यातलं एक पान काढून ठेवलं. धाकटीनं गठ्ठा नुसता हातात तोलला.

"मालक, हे नव्व्याण्णव आहेत. शंभरावं कुठं, तुमच्या खिशात का?"

ते खरंच त्याच्या खिशातून निघालं. सगळा छापखाना पोट धरून हसला. कागद कापायच्या मशीनवर उभा असलेला तिचा थोरला भाऊ तर आठवडाभर हे दिसेल त्याला सांगत सुटला होता, आणि सांगताना दर वेळी पान एकाची दोन, दोनाची तीन होत होती.

थोरल्यानंच तिला इथं लावली होती. ती सोळाची असताना हाताला धरून आणली आणि मालकाला म्हणाला, "पंधरा दिवस फुकट राबवून बघा. सोळाव्या दिवशी तुम्हीच पगार विचाराल." मालकानं नवव्या दिवशी विचारला. थोरला सातवीपर्यंत शिकलेला, पण त्याचा रुबाब बघणाऱ्याला ते खरं वाटायचं नाही. त्याची सही म्हणजे एक नमुना होता. अक्षरं उभी, ठसठशीत, आणि शेवटच्या अक्षरातून एक शेपूट निघून मागं वळायचं, सगळ्या नावाखालून जायचं आणि पहिल्या अक्षराला मिठी मारायचं. "साहेब लोकांची सही बघ," तो म्हणायचा, "कोंबडी चालून गेल्यासारखी. सही अशी पाहिजे की कागदाला वाटलं पाहिजे, कुणीतरी आलं."

लग्नही त्यानंच ठरवलं. नवरा गाडी चालवायचा. सकाळी कारखान्याच्या माणसांना घरून उचलायचं, संध्याकाळी सोडायचं, मधल्या वेळात गाड्यांच्या अड्ड्यावर पत्ते. दारू नाही, हात उगारणं नाही, पोरांवर जीव. थोरला म्हणायचा, असा मेहुणा दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पहिला मुलगा. सहज झाला. दुसरी मुलगी, आणि तिच्या वेळी धाकटी मरता मरता वाचली. बाळ आलं, पण रक्त थांबेना. पलंगाखाली चादर कोंबून कोंबून बायका थकल्या. हॉस्पिटलात पाच बाटल्या रक्त चढवलं, त्यातली एक थोरल्याची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला पलंगापाशी उभं केलं आणि स्पष्ट सांगितलं, "पिशवी कमजोर झाली आहे. आता पुन्हा दिवस राहिले तर मी हिला वाचवीन असं मला सांगता येणार नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय बाई. दोन पुरे. दोन म्हणजे डोक्यावरून पाणी," नवरा म्हणाला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. तेव्हा त्याला ते मनापासूनच वाटत होतं.

वर्ष गेलं. धाकटीच्या गालावर रंग आला, ती कामावर आली, आणि नवऱ्याच्या डोक्यातून ते लाल डोळे निघून गेले. त्याच्या एका भावाला पाच पोरं, दुसऱ्याला सहा. अड्ड्यावरच्या ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव पाडलं, दोनवाला. "ए दोनवाल्या, गाडी सात सीटची आणि घरात दोनच सवाऱ्या?" "दोनवाल्याच्या गाडीचा गिअर अडकलाय रे, कुणीतरी ढकला." तो हसायचा. घरी आला की हसायचा नाही.

"अजून एक होऊ दे," तो म्हणाला.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"डॉक्टर लोकांचं कामच घाबरवायचं. माझ्या आईला सात झाली, ती अजून माझ्या कानाखाली जाळ काढते."

धाकटीनं तीनदा विषय काढला. तीन वेळा तिला आईची सात पोरं ऐकायला मिळाली. चौथ्यांदा तिनं काढला नाही. दुपारच्या सुट्टीत ती सरकारी दवाखान्यात गेली आणि दंडात सुई घेऊन परत आली. तीन महिन्यांची सुई. डबा खायचा राहिला, तेवढंच.

दवाखाना छापखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, एक बाक, हिरवा पडदा आणि पडद्यामागं सिस्टर. सिस्टर बोलायला झणझणीत, पण हाताची हलकी. धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कार्ड घरी नेता येणार नाही. सिस्टरनं कार्ड स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाली, "इथं अशी बरीच कार्डं राहायला आहेत. भाडं देत नाहीत मेली." दर तीन महिन्यांनी धाकटी जायची, सिस्टर खण उघडायची, तारीख लिहायची, तिची सही घ्यायची. अशी दोन वर्षं निघाली. घरात कुणाला कळलं नाही, आईला नाही, वहिनीला नाही. धाकटीच्या पोटात गोष्ट राहायची ती राहायचीच.

मग छापखान्यात ते काम आलं.

आरोग्य खात्याचं काम होतं. शंभर पानांची पॅडं, पानाला नंबर, डाव्या बाजूला फाडायची टोचण. नंबर मारायचं काम धाकटीचं. हाताच्या मशीनवर दांडा दाबला की नंबर उठतो आणि आतलं चाक पुढं सरकतं. अशा कामात कुणी मजकूर वाचत नाही. हात चालतो आणि डोकं घरी, पोरांच्या अभ्यासात. पण साठ-सत्तर पानं झाल्यावर शाई फिकी यायला लागली म्हणून ती थांबली, एक पान उजेडात धरलं, आणि तिचं लक्ष वरच्या ओळीवर गेलं. *संततिनियमन साधनासाठी संमतीपत्र.* खाली बाईचं नाव, वय, मुलं किती. आणि त्याच्याखाली ठळक: *पतीची सही. ह्याशिवाय कोणतेही साधन देण्यात येऊ नये.* त्याखाली तारीख छापलेली होती, पुढच्या महिन्याची एक.

तिची पुढची सुई त्याच महिन्याच्या नऊ तारखेला होती.

तिनं शाईची गादी बदलली. बाकीची सगळी पॅडं नंबर मारून, टोचून, पाठीला गोंद लावून बांधली. तीनशे पॅडं, आठ दिवस लागले. एकही नंबर वाकडा गेला नाही. काम ते काम.

शेवटचं पॅड बांधलं त्या दुपारी ती सिस्टरकडे गेली. सिस्टरला अजून कागद आलाच नव्हता, फक्त कानावर आलं होतं. "वरून निघालंय गं. कुणाच्या तरी नवऱ्यानं कुठंतरी तक्रार केली, त्याची शिक्षा तुम्हां सगळ्यांना. मी काय करू? साहेब येऊन पानं मोजतात." मग तिनं पडद्याबाहेर बघितलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, सही कुणी केली ते बघायला मी काही तुझ्या घरी येत नाही. पुरुषी हात दिसला पाहिजे एवढंच. तुझ्या हातची आणू नको, तुझं अक्षर कार्डावर आठ वेळा आहे. आणि आधी आणून दे, म्हणजे नोंद करून ठेवते."

पुरुषी हात म्हटल्यावर धाकटीला एकच हात आठवला.

थोरल्याला तिनं कटिंग मशीनच्या मागं गाठलं. चाकू वर होता, तो कड्याला तेल घालत होता. तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दोन वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडातून बाहेर पडलं. थोरल्यानं तेलाचं डबडं खाली ठेवलं.

"दोन वर्षं? एकटी जात होतीस?"

"एकटीच."

"आणि कुणाला पत्ता नाही?"

"तुला आत्ता लागला."

त्याचा चेहरा असा फुलला की जणू तिनं कुठलं बक्षीस मिळवलं. "वाघीण आहेस! मी नेहमी म्हणतो, आपल्या घरात हिंमत आली ती सगळी हिच्यात आली. उरलेली माझ्यात."

"दादा, हळू बोल. सही करशील का?"

"सही? अगं, अशी सही करतो की तो सिस्टरचा साहेब उभा राहील."

"साहेबाला बसू दे. साधी कर. आणि दादा," तिनं त्याचं तेलकट मनगट धरलं, "हे कुणाला बोलायचं नाही. वहिनीला नाही, आईला नाही. तुझ्या पोरांची शपथ घे."

"शपथ कशाला? माझा शब्द पुरत नाही का?"

"शपथ घे."

त्यानं घेतली. कागद मशीनच्या पाटावर ठेवून मेहुण्याच्या नावाची सही केली. अक्षरं थोडी बदलली. पण शेवटी हात राहिला नाही, शेपूट निघालंच, मागं वळलं आणि पहिल्या अक्षरापर्यंत गेलं.

"हे कशाला?" धाकटी म्हणाली.

"सवय गं. तो काय बघायला येणार आहे?"

नवा कागद नव्हता. पॅडमधलं एक पान कमी झालं तर हिशेब चुकला असता. तेवढं एकच तिनं, पॅडं दवाखान्यात पोचल्यावर, सिस्टरकडून मागून आणलं होतं. तिनं तेच नेऊन दिलं. सिस्टरनं बघितलं, फायलीत लावलं. नव्या महिन्याची तीन तारीख होती. सहा दिवस राहिले होते.

नऊ तारखेला धाकटी सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच निघाली. दवाखान्यात बाकावर दोन बायका होत्या. पडदा सरकवून ती आत गेली तेव्हा सिस्टर उठली नाही. खणही उघडला नाही.

"तुझा नवरा येऊन गेला," सिस्टर म्हणाली. "परवा."

धाकटीला आधी कळलंच नाही. कुणाचा नवरा?

"टेबलावर हात आपटत होता. माझ्या बायकोला सुई देता, कुणाला विचारून देता? फाईल दाखवा म्हणाला. साहेब इथंच बसले होते, गं. मी काय करणार?"

"दाखवलीत?"

"माझी नोकरी आहे. साहेब मला म्हणाले, ही सही कुणाची? मी म्हटलं, मला काय माहीत, तिनं आणून दिली." सिस्टरनं फाईल उघडून पान तिच्यापुढं सरकवलं, जणू ते बघितल्यावर धाकटी आपल्या बाजूनं होईल. थोरल्याच्या सहीवर तांबडी फुली मारली होती. खाली नवऱ्याचं खरं अक्षर, लहान मुलासारखं गोल: *माझी संमती नाही.* आणि त्याखाली त्याची खरी सही.

"आता एक वर्ष कुठंच मिळणार नाही," सिस्टर म्हणाली. "नकाराची यादी सगळ्या दवाखान्यांना जाते. मला दोष देऊ नको. मी दोन वर्षं तुझं कार्ड सांभाळलं."

ते खरं होतं. आणि दोन वर्षं सांभाळलेलं तिनं परवा एका मिनिटात देऊन टाकलं होतं, तेही खरं होतं. धाकटी म्हणाली, "कार्ड द्या माझं." कार्डही साहेबांनी नेलं होतं.

छापखान्यात परत येताना तिला वाटत होतं, सिस्टरनंच नवऱ्याला बोलावून घेतलं असणार. दुसरं कोण? बाकीच्या जगाला तर माहीतच नव्हतं. थोरल्याचं नाव तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी नवरा लवकर आला. पोरांना बाहेर खेळायला पाठवलं. तो ओरडला नाही, त्यामुळं तिला जास्त भीती वाटली.

"दोन वर्षं मला येडा बनवलंस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

तो कडवट हसला. "तुझ्या दादानं."

"दादा नाही सांगणार."

"मला एकट्याला नाही सांगितलं. अड्ड्यावर सांगितलं, चार माणसांत. लंगडा ड्रायव्हर म्हणाला, दोनवाल्या, खोट तुझ्यात आहे का बायकोत? दुसरा म्हणाला, बायकोतच असणार, बाळंतपणात काहीतरी बिघडलं असेल. तुझा दादा तिथं गाडीला टेकून उभा होता. असा पुढं आला! म्हणाला, माझ्या बहिणीत खोट? तिच्यासारखी बाई ह्या शहरात नाही. ती स्वतःच्या हिमतीवर दोन वर्षं सुई घेते, म्हणून पोर होत नाही. तुमच्या बायकांत आहे का एवढी छाती? आणि छाती ठोकून सांगितलं, तिच्या कागदावर सही मी केलीये, मी."

धाकटीनं दार लोटून घेतलं.

"चार माणसं माझ्याकडं बघत होती," नवरा म्हणाला. "पहिल्यांदा एक हसला. मग सगळे. दोनवाला म्हणत होते तेव्हा निदान कारण मला माहीत नव्हतं. फाईल उघडली आणि सही बघितली, तर शेपूट. आपल्या खोलीच्या भाडेकरारावर साक्षीदार म्हणून आहे ती. तेवढीच मला पाठ आहे."

"मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं."

"मग चौथ्यांदा विचारायचं होतंस!" आता तो ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला कुणीतरी फसवलं होतं, एवढंच त्याला दिसत होतं. हिचा जीव त्याला दिसत नव्हता.

"मी मरेन ना," ती म्हणाली.

"नाही मरत कुणी," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थोरल्याच्या मशीनपाशी गेली. त्याला बघताक्षणी तिला कळलं की त्याला सगळं माहीत आहे. चार दिवस तो तिच्या टेबलाकडं आला नव्हता आणि तिनं ते कामाच्या गडबडीवर घातलं होतं.

"ते तुझ्यात खोट काढत होते," तो आधीच बोलायला लागला. "माझ्यासमोर! मी ऐकून घेऊ? मी काय मेलोय?"

"ऐकून घ्यायचं होतंस."

"तू मला ओळखत नाहीस का? तुझ्याबद्दल कुणी अर्धा शब्द..."

"माझ्यात खोट आहे म्हणाले असते, तर माझं काय जात होतं, दादा? वांझ म्हणाले असते, सडकी म्हणाले असते. मी टेबलावर बसून फर्मे दुमडले असते आणि जिवंत राहिले असते." तिचा आवाज चढला नव्हता. शेजारी पुस्तकांना लावायची खळ ढवळणारी मावशी मात्र ढवळायची थांबली होती. "तुला माझा अभिमान पाहिजे होता. चार लोकांत मिरवायला. केसानं गळा कापलास माझा."

थोरल्याला एरवी शब्दांची वाण नव्हती. त्या दिवशी तो म्हणाला, "मी करतो काहीतरी."

त्यानं केलंही. अंगावर चांगला शर्ट घालून दवाखान्यात गेला, साहेबासमोर उभा राहिला, मी थोरला भाऊ आहे, तिला मी वाढवलीये, तिच्यासाठी रक्त दिलंय, द्या तो कागद. साहेबानं मान वर न करता सांगितलं, भावाची सही चालत नाही. मग तो मेहुण्याकडं गेला. मेहुणा म्हणाला, "दादा, माझ्या नावानं सही केलीत, आता माझ्या घरात माझ्या तोंडानं बोलणार का?" आणि दार लावून घेतलं. वहिनीनं हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमच्या तोंडाला देवानं दोन ओठ दिले, ते मिटायला दिले होते हो!"

धाकटीनं तिच्या परीनं बरंच केलं. औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार नवऱ्याच्या पत्त्यांच्या अड्ड्यातला, रोजच्या भेटीचा. "गोळ्या ना? तुमच्या ह्यांच्या हाती देतो की. ह्यांना पाठवा." खाजगी डॉक्टरकडं गेली, तिथं फी घेतली आणि सांगितलं, दोघं मिळून या. दोन बस बदलून दुसऱ्या वस्तीतल्या दवाखान्यात गेली, तर तिथल्या बाईनं यादी काढली आणि बोट ठेवलं. नावासमोर संमतीपत्राचा नंबर होता. तो नंबर धाकटीनंच मारला होता, हाताच्या मशीनवर, फिकी शाई बदलल्यानंतर. कागदावर ठसा सुरेख उठला होता.

घरात ती पोरांना मधे घेऊन झोपायला लागली. नवऱ्यानं जोर केला नाही, तसा तो नव्हता. पण एका खोलीच्या घरात, एका चुलीवर जेवणारी माणसं, किती दिवस तोंड फिरवून राहणार? चार महिने राहिली. मग तो एकदा तापानं फणफणला, तिनं त्याच्या उशाशी बसून रात्री काढल्या, तो बरा झाला, आणि मधली भिंत गेली. त्यालाही वाटलं सगळं ठीक झालं. तिला वाटलं, निदान नशीब तरी आपल्या बाजूनं असेल.

ते नव्हतं. खळीच्या वासानं तिला मळमळायला लागलं. बारा वर्षं त्या वासात काढलेली बाई टेबल सोडून मोरीकडं पळाली. मावशी मागोमाग गेली, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कितवा?"

"तिसरा," धाकटी म्हणाली. महिना आणि पोर दोन्ही तिसरंच होतं.

काढून टाकायचं तर त्यालाही पतीची सही लागत होती. ह्या वेळी तिनं नवऱ्याला विचारलं, सरळ, पोरांसमोर. नवरा म्हणाला, "होईल गं नीट. ह्या वेळी मोठ्या हॉस्पिटलात जाऊ." त्या दिवसापासून तो अड्ड्यावर दोनवाला राहिला नाही.

दिवस भरत आले तसं पोरांचं काय करायचं हे ठरवायची वेळ आली. थोरल्याचं घर दोन गल्ल्यांवर, वहिनी पोरांना जीव लावणारी. थोरल्यानं तर एक खाट आणूनही ठेवली होती आणि सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, भाच्यांसाठी. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी धाकटीनं पोरांचे कपडे, दप्तरं, मुलीची खेळण्यातली गाडी, सगळं एका पिशवीत भरलं आणि खळवाल्या मावशीच्या घरी नेऊन दिलं. मावशीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेपासून लांब, पलंग एकच. मावशी म्हणाली, "अगं, सख्खा मामा जवळ असताना?" धाकटी म्हणाली, "मावशी, मी मेले तर पोरांना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही आधी मला विचाराल की काय सांगू आणि काय नको. तो नाही विचारायचा."

थोरल्याला हे मावशीकडून कळलं. त्यानं खाट परत नेली नाही. भिंतीला उभी करून ठेवली.

डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या तसंच झालं. बाळ आलं, मुलगी, आणि रक्त थांबेना. ऑपरेशनच्या दाराशी नवऱ्यापुढं तीन कागद आले. पिशवी काढावी लागेल, सही करा. त्यानं तिन्ही वाचले नाहीत, एका कागदावर सही चौकटीबाहेर गेली. कुणी त्याला काही म्हणालं नाही. थोरला बाहेर उभा होता. रक्त द्यायला बाही वर करून बसला होता, पण ह्या वेळी त्याचं लागलं नाही, रक्तपेढीतलं पुरलं.

धाकटी वाचली. मुलगा की मुलगी, हे तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

चार महिन्यांनी ती कामावर आली. बारीक झाली होती, जिना चढताना मधे थांबायची. पण टेबलावर बसली आणि हाडाची पट्टी उचलली, तर बायका बघत राहिल्या. एकदाच फिरत होती. नवरा आता रोज तिला गाडीनं आणून सोडतो. तिच्याकडं बघताना त्याची नजर खाली जाते. ती त्याच्याशी बोलते. थोरल्याशीही बोलते. हा गठ्ठा कापून द्या, कडा अर्ध्या सुतानं जास्त आहेत, चाकू बोथट झालाय. एवढंच. "अरे दादा" म्हणणारी "द्या, घ्या" म्हणायला लागली, आणि हे आधी कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते थोरल्याच्याच.

त्या वर्षाच्या शेवटी मालकानं सगळं बाइंडिंग खातं तिच्या हाताखाली दिलं. अकरा बायका, दोन पुरुष. पुरुषांवर बाई, असं त्या छापखान्यात कधी झालं नव्हतं. मालकानं आत बोलावून सांगितलं, ती बाहेर आली, जाऊन मावशीला सांगितलं आणि कामाला बसली. थोरल्याच्या मशीनवरून तीनदा गेली, कागद घ्यायला. त्याला बढतीचं सांगितलं नाही.

दुपारी कागदाच्या रिळांची गाडी घेऊन येणारा माणूस थोरल्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काय हो, पेढे कुठंयत? बहीण मोठी झाली, खात्याची मुख्य! आणि तुम्ही गप्प? तुम्ही?"

थोरल्याचा हात चाकूच्या दांड्यावर होता.

"मला केव्हाचं माहीत होतं," तो म्हणाला. "मालकानं आधी मलाच विचारलं."

धाकटी गठ्ठ्यांच्या पलीकडं होती. तिला स्पष्ट ऐकू आलं. तिनं मान वर केली नाही. त्याला खोटं पाडलं नाही, खरंही ठरवलं नाही. नव्या मुलीला घडी दाखवत होती, तिला म्हणाली, "इकडं बघ. कड धर, सोडू नको," आणि पुढचा फर्मा ओढून घेतला.